त्सामगाओचा कुडू

माझा मेहुणा त्सामगाओ वस्तीवर आला तो गप्पच. कोणाशी बोलला नाही. धनुष्य झाडाला अडकवलं आणि शेकोटीपासून लांब, अंग चोरून बसला. सगळ्यांना काय ते कळलं. रिकाम्या हाताने आलेला माणूस येता येता दहा गोष्टी बडबडतो. ज्याचा बाण लागलाय तो असा तोंड शिवून बसतो. तरी विचारायची रीत आहे, म्हणून मी विचारलं.

"काय मेव्हण्या, दिसलं का काही?"

"कुठलं काय! डोळेच गेलेत माझे. बारकंसं काहीतरी पळालं समोरून."

म्हणजे मोठं. झोपडीच्या तोंडाशी माझी बहीण कुशे बाळाला घेऊन बसली होती, तिने नुसती मान वर केली. तिच्या अंगावर दूध नव्हतं. पाऊस लांबलेला, कंद सुकून दोरखंड झालेले, बाकीचे पुरुष लांबच्या पाणवठ्याकडे गेलेले. मागच्या कोरड्या दिवसांत तिची पहिली पोर अशीच गेली होती, रडण्याचा आवाज बारीक होत होत. हा दुसरा. याचंही रडणं आता कमी झालं होतं. कुशेच्या पोटात मांस-चरबी गेल्याशिवाय तिला पान्हा फुटणार नव्हता, आणि हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

बाण माझे होते. त्सामगाओचा नेम चांगला, पण बाण करायला बसला की त्याचे हात लाकडाचे व्हायचे. म्हणून मीच त्याला दोन करून दिले होते, ताजं विष चढवून. आमचं विष अळ्यांचं. ते टोकाला नाही, टोकामागच्या दांडीला लावतात, नाहीतर भात्यात हात घालणाऱ्यालाच भोवायचं. खाण्यातून ते बाधत नाही, रक्तात मिसळलं तरच मारतं, तेही सावकाश. मोठं जनावर बाण लागल्यावरही चालत राहतं आणि कुठेतरी लांब जाऊन पडतं.

आणि ते पडेपर्यंत शिकारी आणि जनावर एकच असतात. शिकारी पळाला की तेही पळतं. तो पोटभर प्यायला की जनावराच्या अंगातलं विष पातळ होतं. म्हणून त्याने हळू चालायचं, खायचं नाही, कोणी अंगाला हात लावायचा नाही. त्या रात्री त्सामगाओ तसाच बसून राहिला. कुशेने पाणी पुढे केलं तर त्याने नुसते ओठ ओले केले.

उजाडल्यावर आम्ही दोघं निघालो. पुढे मी, मागे तो. जिथे बाण मारला होता तिथे वाळूत बाणाचा मागचा बोरूचा तुकडा पडलेला मिळाला. टोक आणि विषाची दांडी जनावराच्या अंगात राहिली होती. खुरांचे ठसे बघून माझा ऊर भरून आला. कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचं थोरलं हरीण, त्यातला चांगला जाडजूड नर होता.

"बारकंसं म्हणे! लाज नाही वाटत खोटं बोलायला?" मी म्हणालो. "आणि दुसरा बाण?"

"चुकला. गवतात गेला, मोडला."

"मोडला? माझा बाण मोडलास?"

"मोडला म्हटलं ना, गाशे. चल पुढे."

माग सोपा होता. सुरुवातीला लांब उड्या, मग चाल, मग मागचा उजवा पाय वाळूत घासत गेलेला. मी वळून पाहिलं तर त्सामगाओही लंगडत होता. जनावरासारखं चालायचं म्हणून लंगडतात काही जण, पण हा भलताच लंगडत होता.

"अरे, नाटक किती करशील! म्हाताऱ्या बायका तुझ्यापुढे जातील."

"तू समोर बघ, मेव्हण्या. तुझ्या बडबडीच्या वाऱ्याने माग पुसला जाईल."

मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं, बायकोपोरासाठी बिचारा किती मनापासून पाळतोय सगळं. तो कपाळाचा घाम पुसत नव्हता, तेही मला कौतुकाचं वाटलं.

ऊन चढलं तेव्हा कुडू पहिल्यांदा बसला होता ती जागा सापडली. कडेला वाळूत त्याचं मूत सुकलं होतं, काळपट लाल. विष रक्तात भिनलं की असंच होतं, मग जनावर उठून फार लांब जात नाही.

"काम झालंय!" मी ओरडलोच. "कुशे आज चरबी खाणार!"

त्सामगाओ हसला, पण त्याचे ओठ नीट वर गेले नाहीत. तो बाजूच्या झुडपामागे गेला आणि परत आला. पुढचा माग दगडी जमिनीवर हरवला म्हणून मी वळसा घालत त्याच झुडपाजवळून गेलो. वाळू अजून ओली होती. काळपट लाल.

आयुष्यभर मी जमिनीकडे बघूनच जगलोय. तिथे काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही असं आजवर झालं नव्हतं, पण त्या ओल्या वाळूकडे मी वेड्यासारखा बघत उभा राहिलो.

"पाय दाखव," मी म्हणालो.

"कशाला?"

"पाय दाखव म्हणतो ना!"

त्याने कातडं बाजूला केलं. पोटरी सुजून दुप्पट झाली होती आणि मागच्या बाजूला चिमुकलं भोक होतं. चुकलेला बाण गवतात अडकून, टोक वर करून तिरपा उभा राहिला होता. जखमी कुडूमागे धावताना त्याने त्यावरच पाय घातला. दांडी आत मोडली, ती त्याने उपसून टाकली होती.

"कालपासून? कालपासून गप्प बसलास, गाढवा? बस खाली! चिरतो, चोखून काढतो."

"हात लावू नकोस."

"मरशील रे!"

"एकाच भांड्यातलं विष, गाशे. एकाच हाताने लावलेलं, तुझ्या. माझ्यातलं काढलंस तर त्याच्यातलंही निघेल. तो उठेल आणि जाईल. मग कुशेला काय देशील? कंदाचा चोथा?" तो धापा टाकत होता. "एक पोर मी पुरली. दुसरं नाही पुरणार."

मी तापट माणूस आहे. त्याला लोळवून पायावर बसणं मला जड नव्हतं. मी चाकू काढलाही. पण तो म्हणत होता ते माझ्या बापानेच मला शिकवलं होतं, आणि मी ते खरं मानत होतो. माझा हात खाली आला. मला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

"कुडू पडलेला दिसला की तिथल्या तिथे तुझा पाय चिरीन," मी म्हणालो. "मग तुझं काही ऐकणार नाही."

"दिसला की चीर."

"मग घाई करू."

"मी पळालो तर तोही पळेल."

"तू कशाला पळतोस? मी पळतो. चढ पाठीवर."

तो त्या दुखण्यातही हसला. "मेव्हण्याच्या खांद्यावर बसून शिकार. कोणाला सांगू नकोस हे."

मी त्याला उचलून धावत सुटलो. माग बघत, ठेचकाळत, शिव्या देत. कुडू दुसऱ्यांदा बसलेला, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक ठिकाणी मला वाटे, हा इथेच का नाही पडला? त्सामगाओचं अंग भट्टीसारखं तापलं होतं, आणि हळूहळू त्याच्या हातांची पकड सैल होत गेली. आधी तो माझी टिंगल करत होता, नंतर नुसता श्वास ऐकू यायला लागला.

मग समोरच्या झाडावर गिधाडं दिसली. खाली कुडू आडवा पडला होता, मोठी पिळदार शिंगं वाळूत रुतलेली.

"पडलाय! त्सामगाओ, पडलाय रे!" मी त्याला खाली टेकवलं आणि चाकू त्याच्या पोटरीला लावला.

"थांब," तो म्हणाला. "बघ."

मी पाहिलं. कुडूचे पाय ताठ झाले होते. पोट फुगून टम्म झालं होतं. शेपटीखाली कोल्ह्याने कुरतडलं होतं, आणि कोल्ह्याच्या ठशांवरून रात्रीच्या किड्यांच्या बारीक रेघा गेल्या होत्या. हे वाचायला कोणाची मदत लागत नाही. तो मध्यरात्रीच मेला होता. त्सामगाओ शेकोटीपासून लांब तहानलेला बसला होता आणि मी झोपडीत घोरत होतो, तेव्हाच.

मी चिरलं. तोंड लावून चोखलं, थुंकलं, पुन्हा चोखलं. काळं, घट्ट रक्त आलं आणि तेही थांबलं. तरी मी चोखत राहिलो, माझ्या ओठांची आग होईपर्यंत. शेवटी त्याने माझं डोकं हाताने बाजूला सारलं.

तो कुडूकडे बघत होता. मोठी शिकार झाली की तिला नावं ठेवायची आमची रीत, म्हणजे मारणाऱ्याच्या डोक्यात हवा जात नाही.

"हे काय हाडकांचं गाठोडं," तो हळूच म्हणाला. "याच्यासाठी मला एवढ्या लांब आणलंस, मेव्हण्या?"

रीतीप्रमाणे मी हसायला हवं होतं. मला हुंदका आवरला नाही.

"रडू नकोस. ऐक. आधी तिला खाऊ घाल. मग सांग. आधी सांगितलंस तर ती घास गिळणार नाही." त्याने माझं मनगट धरलं. "वचन दे."

मी दिलं. कुडूच्या सावलीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गिधाडं खाली उतरायच्या आत तो गेला. मी कुडूच्या पोटातली चरबी काढून झोळीत घातली, दोघांवर काटेरी फांद्या रचल्या आणि निघालो.

वस्तीवर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. मी कोणाशी बोललो नाही. धनुष्य झाडाला अडकवलं आणि शेकोटीपासून लांब जाऊन बसलो. कुशेने माझ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"काय दादा, दिसलं का काही?"

मी झोळीत हात घातला.

"म्हणजे मोठं आहे रे," ती बाळाला म्हणाली. "आणि दादा, तुझा मेव्हणा कुठे राहिला? मांसाची राखण करतोय?"

"हो," मी म्हणालो. "तिथेच आहे."

मी शेकोटीजवळ गेलो आणि चरबी निखाऱ्यावर धरली. ती वितळायला लागली तशी कुशेच्या हातावर ठेवली. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, बोटं चाटली, आणि त्याच्यासाठी म्हणून उरलेला तुकडा बाजूला ठेवायला लागली.

"ठेवू नकोस," मी म्हणालो. "खा. आधी सगळं खा."