अर्धाच पॅराबोला

लोकांना सॉफ्टवेअर शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. एखाद्या ऑफिसात नवा प्रोग्राम आला की तिथल्या माणसांना तो समजावून द्यायला मला बोलावतात. माऊसला हात लावायला घाबरणारे कारकून, पासवर्ड स्क्रीनवरच चिकटवून ठेवणारे साहेब, ‘हे आधी होतं तसंच का नाही ठेवलं?’ असं प्रत्येक बटणापाशी विचारणाऱ्या बाई, या सगळ्यांना मी हसतमुखाने शिकवते. माझा आवाज कधी चढत नाही, असं लोक माझ्याविषयी सांगतात. त्या लोकांनी मला शनिवारी सकाळी बाबांच्या शेजारी बसलेलं बघायला हवं होतं.

“समीकरण कुठे लिहायचं?” बाबांनी विचारलं.

“डावीकडे. तो रकाना आहे ना, तिथे.”

“डावीकडे काही नाही.”

“बाबा, पाव स्क्रीन व्यापून बसलाय तो रकाना!”

“असेल तुझ्या स्क्रीनवर. इथे नाही.”

स्क्रीन एकच होता. मी त्यांच्या उजव्या हाताला खुर्ची घेऊन बसले होते, आणि आम्ही दोघं त्याच एका स्क्रीनकडे बघत होतो. मी कपाळावर हात मारला, त्यांच्या पुढ्यातून आडवी वाकले, स्वतःच रकान्यात क्लिक केलं आणि एक्सचा वर्ग टाइप करून दिला.

बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांचं कशात लक्ष लागेना. पेपरातल्या टक्केवारीच्या चुका काढायच्या, आईच्या मापाच्या कपांवर शंका घ्यायची आणि दुपारी खिडकीत उभं राहून शाळेतून घरी जाणारी मुलं बघायची, एवढंच उरलं होतं. आईला त्या खिडकीचा फार राग यायचा. अशात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. उत्तराखाली एकक लिहायला कायम विसरायचा म्हणून बाबा त्याला धांदरट म्हणत, आणि आता तो ऑनलाइन क्लासेसची भलीमोठी कंपनी चालवत असला तरी धांदरटच म्हणतात. “सर, आमच्याकडे शिकवा,” तो म्हणाला. “सोमवारी एक नमुना पाठ द्या, आलेखांवर. फक्त आमचा आलेख काढायचा प्रोग्राम वापरावा लागेल. तो जमला की दहावीचा अख्खा वर्ग तुमचा.” फोन ठेवल्यावर बाबांनी उन्हाळ्यापासून न घातलेला निळा शर्ट काढून इस्त्रीला टाकला. आईने मला लगेच फोन करून हाताखालची सगळी कामं सोडून यायला सांगितलं.

मी आले. आणि तासाभरात माझ्या नाकी नऊ आले.

“अर्धाच काढलाय,” बाबा स्क्रीनकडे बघून म्हणाले.

“काय अर्धा?”

“पॅराबोला. उजवी बाजू काढलीय, डावी काढलीच नाही. वाय-अक्षापाशी येऊन संपला.”

मी बघितलं. पॅराबोला पुरता होता, इंग्रजी यू अक्षरासारखा दोन्ही हात वर करून व्यवस्थित उभा होता. “पूर्ण आहे, बाबा.”

“मला पॅराबोला शिकवू नकोस.”

उजवीकडे वर कोपऱ्यात सेटिंगचं पान्ह्याचं चिन्ह होतं. गंमत बघा, ते मात्र बाबांना पहिल्या झटक्यात सापडायचं. मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात त्यांनी तो पान्हा उघडून चौकटीतले आकडे बदलले होते. एक्स-अक्ष आता वजा चाळीसपासून सुरू होत होता. सगळा आलेख उजवीकडे ढकलला गेला होता, वाय-अक्ष जवळजवळ उजव्या काठाला टेकला होता, आणि बाबांचा चेहरा खुलला होता.

“हे बघ! आता काढला पूर्ण. दुरुस्त केला मी.”

“अहो, बिघडवलात तुम्ही! अक्ष मध्ये नको का? मुलांना काय दिसणार?” मी घराचं चित्र असलेलं बटण दाबलं. सगळं मूळ जागी आलं, अक्ष स्क्रीनच्या मध्यावर बसला.

“घालवलंस,” बाबा म्हणाले. “परत अर्धा.”

आम्ही हे चार वेळा केलं. ते आकडे बदलायचे, मी घर दाबायची. ते म्हणायचे पूर्ण, मी म्हणायची वाकडं. मी म्हणायची पूर्ण, ते म्हणायचे अर्धं. शेवटी मी तो नाद सोडून स्लायडर दाखवायला घेतला. वर्गाच्या आधी एक अक्षर टाकलं की रकान्यात एक पट्टी येते. पट्टीवरचा ठिपका सरकवला की पॅराबोला पसरतो, आवळतो, उणेमध्ये गेला की उलटा होतो. मुलांना हे फार आवडतं, आणि बाबांनाही आवडलं असतं. पण पट्टी डावीकडच्या रकान्यात होती.

“बाण पळाला,” बाबा म्हणाले.

“कुठे?”

“मला माहीत असतं तर पळाला म्हटलं असतं का?” त्यांनी माऊस गदागदा हलवला. बाण डावीकडून उजवीकडे आला तसे ते म्हणाले, “हा आला.” मी सांगितलं, आता सावकाश डावीकडे न्या. त्यांनी नेला. “पळाला,” ते म्हणाले.

नव्या गिऱ्हाइकाने हे केलं असतं तर मी त्याला बाणाचा आकार मोठा करून दिला असता. बाबांना मी म्हटलं, “तुम्ही मुद्दाम करताय.”

 ते उठून मोबाईल आणायला आत गेले, आणि जाताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर धाडकन आपटला. “या सुताराने दार वाकडं बसवलंय,” आतून आवाज आला. सुताराला त्यावरून एकदा बोलावून झापलंही होतं. बिचाऱ्याने मापं घेऊन दाखवली, तरी यांचं समाधान झालं नव्हतं.

आणि मग त्यांनी चक्क धांदरटाला फोन लावला.

“तुझा प्रोग्राम सदोष आहे,” माझ्यासमोर खुर्चीत बसत ते म्हणाले. “अर्धाच आलेख काढतो. ऋण किमती घेतच नाही. मुलांना हे असं शिकवतोस?”

पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू येत होतं. शाळेत जितका घाबरायचा तितकाच अजूनही घाबरत होता. “सर, जमत नसेल तर राहू दे... तुम्हाला त्रास नको. सोमवारचा पाठ मी दुसऱ्या कुणाला...”

मी फोन हिसकावून घेतला. “नाही नाही, जमेल. सोमवारी पाठ होणार. छोटीशी अडचण आहे, माझ्याकडे सोपव.” फोन ठेवला आणि माझा तोल गेला. “तुम्हाला शिकायचंच नाहीये! एक माणूस आपण होऊन वर्ग द्यायला निघालाय, आणि तुम्ही त्यालाच झापताय! डावीकडे बघा म्हटलं तर बघायचं नाही, रकाना नाही म्हणायचं, बाण पळाला म्हणायचं. मग बसा खिडकीत उभं राहून दुसऱ्यांची मुलं मोजत!”

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. बाबा स्क्रीनकडे बघत राहिले.

“इतकी वर्षं शिकवलं मी,” ते म्हणाले. “तीन तीन वेळा नापास झालेली मुलं होती. पण ‘तुला शिकायचंच नाही’ असं एकालाही म्हटलं नाही. तसं कधी नसतं.”

मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. तेवढ्यात आई ताटली घेऊन आली, भाजलेला पाव आणि सफरचंदाच्या फोडी. ताटली बाबांच्या पुढ्यात ठेवून ती तिथेच उभी राहिली. बाबांनी निमूटपणे खाल्लं आणि हात पुसले. आईने ताटली अर्धी फिरवली. बाबांनी पुन्हा हात घातला आणि उरलेलं खायला लागले.

“हे काय?” मी विचारलं.

“काय म्हणजे?”

“ताटली का फिरवलीस?”

“अगं, हल्ली हेच चाललंय यांचं. अर्धं ताट तसंच ठेवून उठतात. विचारलं तर वर मलाच म्हणतात, तू वाढलंसच कुठे. मग मी आपली फिरवते. फिरवलं की खातात.” आई वैतागून, दबक्या आवाजात म्हणाली. “म्हातारपणी लहान मूल सांभाळायचं नशिबात होतं माझ्या.”

“कुठलं अर्धं ठेवतात?”

“आता ते काय मी मोजत बसू? त्या बाजूचं.” तिने डावीकडे हात केला.

“कधीपासून?”

“झाला असेल आठवडा. सुताराशी भांडले ना, तेव्हापासूनच जरा फिरल्यासारखे झालेत.”

दार, ताट, रकाना, बाण. सकाळपासून मी ज्या माणसावर ओरडत होते तो मुद्दाम काहीच करत नव्हता. तो जे दिसतंय तेच सांगत होता, अगदी खरं सांगत होता, आणि मी प्रत्येक वेळी घराचं बटण दाबून त्याला खोटं पाडत होते.

“काय खुसपुसताय दोघी?” बाबा म्हणाले.

मी पट्टी काढून टाकली, घराचं बटण दाबलं आणि साधा एक्सचा वर्ग पुन्हा समोर आणला. “बाबा, काय दिसतंय?”

“सांगितलं ना सकाळीच. अर्धा.” आणि मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. वर्गात एखादं मूल गप्प झालं की ते असेच बघायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोलायला लागले तेव्हा आवाज फळ्यासमोरचा होता.

“दोनचा वर्ग?”

“चार.”

“वजा दोनचा?”

“चार.”

“हे यंत्र दोनचा वर्ग करतं. मग वजा दोनपाशी आलं की त्याला वर्ग करता येत नाही, असं होईल का?”

“नाही होणार.”

“म्हणजे तो बिंदू तिथे असलाच पाहिजे.”

“आहे, बाबा.”

“बोट ठेव त्याच्यावर.”

मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि वजा दोन, चार या बिंदूवर बोट टेकवलं.

“ठेवलंस?”

“ठेवलंय.”

ते सरळ समोर बघत होते. माझं बोट त्यांच्यापासून हातभरही लांब नव्हतं. आई ताटली हातात धरून आमच्याकडे बघत होती, आणि आता तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

“बोट दिसत नाही,” बाबा म्हणाले. आधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा, आणि म्हणाले, “आणि बोट काही प्रोग्राममधलं नव्हे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते दिसलं नसणार, कारण मी डावीकडे होते.

“दोष माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. प्रश्न सुटल्यावर उत्तराखाली रेघ मारायचे तसं म्हणाले. “दवाखान्यात चला. आत्ताच निघू या, कुठलाही डोळा झाकला तरी डावी बाजू गायबच, म्हणजे हे डोळ्याचं नाही, डोक्याचं दिसतंय.”

आई चपला शोधायला धावली. मी गाडीची किल्ली घेतली. दवाखान्यात कळवायला मी फोन काढला तेव्हा बाबा म्हणाले, “तिथला झाला की धांदरटाला लाव.”

“त्याला काय सांगू? पाठ पुढे ढकल म्हणून?”

“ते सांग. पण आधी हे सांग की प्रोग्राम बरोबर आहे. मी उगाच बोललो त्याला.”

दाराशी आल्यावर ते थांबले. डावा हात पुढे करून हवेत चाचपत त्यांनी चौकट शोधली आणि तिला धरून, खांदा आत घेऊन बाहेर पडले. दार अगदी सरळ होतं. जिन्यात मी त्यांचा डावा दंड धरला, आई उजवीकडून कठड्याच्या बाजूने चालली.

“तू इकडे आहेस ना? डावीकडे?”

“हो, बाबा.”

“मग बोलत राहा. गप्प झालीस की तिकडे कुणी नाहीच असं वाटतं मला.”

सकाळपासून मी नुसती बोलतच होते. आता काय बोलावं ते सुचेना. शेवटी जे सुचलं तेच सुरू केलं. “समीकरणात वर्गाच्या आधी एक अक्षर टाकायचं, बाबा. मग रकान्यात एक पट्टी येते. तिच्यावर एक ठिपका असतो...”

“सावकाश,” बाबा पायरी चाचपत म्हणाले. “ठिपका सरकवला की काय होतं?”

मी पहिल्यापासून सांगायला लागले.