मीटरबाईंचा तास

मी प्रयोगशाळेच्या बेसिनखाली आडवा पडून जुना पाईप सोडवत होतो, तेव्हा तिथेच माझ्या बायकोचा तास सुरू झाला. खरं सांगायचं तर ते बेसिन त्या दिवशी दुरुस्त झालं नसतं तरी शाळेचं काही अडणार नव्हतं. गळती जुनीच होती. पण मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसणार आहेत असं कळलं आणि मला ती गळती अचानक फार गंभीर वाटू लागली. हत्यारांची पिशवी घेऊन मी सकाळीच हजर झालो. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला सगळं कळलं होतं, पण ती काही बोलली नाही. तिला बोलता येतच नव्हतं म्हणा.

म्हणजे येत होतं, पण कुजबुजीपुरतं. घशातली गाठ काढली, ती साधी निघाली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आवाज मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, आता आहे तो हा असाच. एकेकाळी याच आवाजाने ती अख्खा वर्ग पळवायची. शाळेच्या व्हरांड्याला सात रुंद पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची किलो, मग हेक्टो, डेका, मधली मीटर, त्याखाली डेसी, सेंटी, मिली. ती पटांगणात उभी राहून "हेक्टो!" म्हणून ओरडली की मुलं धावत वर, "सेंटी!" म्हटलं की धाडधाड खाली. शाळा सोडून गेलेली मुलं बाजारात भेटली तरी तिला 'मीटरबाई' म्हणूनच हाक मारायची. रस्त्यापलीकडच्या इमारतीत मी नळ बसवत असलो तर मला तिथे हेक्टो ऐकू यायचा. तुझ्या आवाजाने माझे जोड ढिले होतात, असं मी तिला चिडवायचो.

आवाज गेल्यावर शाळेने तिला गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर देऊन पाहिला. त्यातून कुजबुज अशी काही फुत्कारत यायची की पहिल्या दिवशी वर्ग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी ती स्पीकर घरीच ठेवून गेली. मग मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. बाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की मापनाचा पाठ घ्या, मी मागे बसते. पाठ शेवटच्या बाकापर्यंत पोचला तर वर्ग तुमचा, नाही पोचला तर सोमवारपासून तुम्ही ग्रंथालय सांभाळा. घरी आल्यावर हे मला सांगताना तिने विनोदही केला, की ग्रंथालयात नाहीतरी कुजबुजतच बोलायचं असतं. मला हसू आलं नाही. जिने इतक्या वर्षांत वर्गातल्या खुर्चीला पाठ टेकली नाही, तिला कपाटाच्या किल्ल्या घेऊन बसलेली मला बघवली नसती.

त्या संध्याकाळी तिने बराच वेळ विचार केला आणि मला जवळ बोलावलं.

"अहो, मला मीटरभर पाईप द्या," ती कुजबुजली. "आणि तसाच आणखी एक. त्याचे दहा सारखे तुकडे करा."

तिची अडचण मला माहीत होती. पायऱ्यांच्या खेळात मुलांची दरवर्षी एकच चूक व्हायची. पायरी उतरली की आकडाही उतरायला हवा, असं त्यांना वाटायचं. एका मीटरचे दहा डेसिमीटर होतात हे मुलं पाठ म्हणायची, पण खाली आल्यावर आकडा वाढतो हे काही त्यांच्या पचनी पडायचं नाही. ती घसा फोडून सांगायची, अरे, माप लहान झालं की ते जास्त वेळा बसतं. यंदा घसा फोडणं शक्य नव्हतं, म्हणून तुकडेच हातात द्यायचे होते.

मी गच्चीवर वर्तमानपत्र पसरून कामाला लागलो. पाईपवर दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर करवत चालवली, कडा घासून गुळगुळीत केल्या. इतकं जीव ओतून मी कधी कुठल्या बंगल्याचीही लाईन टाकली नसेल. तुकडे तिच्या पिशवीत ठेवताना मला वाटलं, चला, आपलाही काही हातभार लागला.

तर आता बेसिनखालून मला बाकांचे आणि मुलांचे पाय दिसत होते, आणि थोडी मान वाकडी केली की फळा. वर्गात चुळबुळ होती. बायकोने एक शब्द न बोलता फळ्यावर लिहिलं, 'एक मीटर = किती डेसिमीटर?' मग अख्खा पाईप टेबलावर ठेवला आणि दहा मुलांना एकेक तुकडा वाटला. मुलं पुढे आली, आणि अख्ख्या पाईपच्या शेजारी आपापला तुकडा टोकाला टोक लावून मांडू लागली. दहावा तुकडा ठेवला गेला आणि एक मुलगा म्हणाला, "बाई, पुरत नाहीये."

मी बेसिनखालून बाहेर आलो. खरंच पुरत नव्हतं. रांगेच्या शेवटी जवळजवळ बोटाच्या जाडीएवढी जागा रिकामी होती. काय झालं ते मला त्या क्षणी कळलं. करवत कापते तेव्हा थोडा पाईप खाते. आमच्या धंद्यात असा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जोडाच्या पोटात जातो आणि कुणी विचारत नाही, त्यामुळे मीही तो आजवर मोजला नव्हता. मागे मोठ्या बाई पुढे वाकून बघत होत्या. मुलं आपसात बोलायला लागली, आवाज वाढला. मला वाटलं, हिचा वर्ग मी माझ्या हाताने कापला. मी तोंड उघडणार तोच तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. गप्प बसा, असा.

मग तिने फळ्यावर लिहिलं, 'बाकीचं कुठे गेलं?' खडू खाली ठेवला, हात बांधले आणि उभी राहिली. एकेक करून मुलं गप्प झाली. इतकी शांतता झाली की माझ्या सोडलेल्या पाईपातून थेंब पडताना ऐकू येत होता. त्या शांततेत ती म्हणाली, "मोजा."

अख्खा वर्ग ऐकायला पुढे वाकला होता. शेवटच्या बाकावरची, वेणीचं टोक चघळणारी एक मुलगी उठून पट्टी घेऊन आली. तिने ती रिकाम्या जागेत धरली. एक सेंटिमीटरसुद्धा नाही, त्याच्या आतच आहे, असं ती म्हणाली. बायकोने पट्टीवरच्या बारीक रेघांवर बोट ठेवलं. मुलगी मोजत गेली आणि नऊवर थांबली. मग तिने तुकड्यांच्या जोडांवर एकेक बोट टेकवलं आणि पुन्हा नऊवरच थांबली.

"बाई, दहा तुकडे करायला नऊ वेळा कापावं लागतं," ती सावकाश म्हणाली. "दर वेळी एक मिली." मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुमची करवत दाखवा ना."

मी पिशवीतून करवत काढून दिली. मुलांनी दात्यांची जाडी पट्टीवर धरून पाहिली आणि ती साधारण मिलिमीटरच भरली. एक जण म्हणाला, म्हणजे हरवलेला पाईप शेवटच्या पायरीवर आहे. वर्ग हसला, आणि बायकोही हसली. तिने फळ्यावर सगळ्यात खाली ९ मिलिमीटर लिहिलं आणि वरच्या ओळीकडे बोट दाखवलं. मुलं ओरडली, सेंटी, शून्य पूर्णांक नऊ. पुढे डेसी, मग मीटर. दशांशचिन्ह डावीकडे सरकत गेलं, पायरी चढताना आकडा लहान होत गेला, आणि या वेळी कुणीही चुकलं नाही. ती नुसती बोट वर करत होती आणि ओरडत होता वर्ग. मला अभिमान वाटला, अगदी छाती भरून वाटला, आणि हातातला पाना कुठे ठेवावा हे मला सुचेना.

घंटा झाली. मोठ्या बाई पुढे आल्या, टेबलावरचे तुकडे त्यांनी एकदा बोटाने सरळ केले आणि बायकोला विचारलं, "सोमवारी तुमचा तास कधी आहे?"

"पहिलाच," बायको कुजबुजली.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. जाता जाता त्यांनी मला विचारलं की बेसिन झालं का. ते कसलं होतंय? पाणी माझ्या बुटापर्यंत आलं होतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, नवे तुकडे कापून देतो, या वेळी करवतीचा हिशोब धरून. तिने मान हलवून नको म्हटलं आणि विचारलं, "भुगा टाकला का तुम्ही?" मी टाकला नव्हता. वर्तमानपत्राची घडी गच्चीच्या कोपऱ्यात तशीच पडली होती. तिने कागदाची चोच करून तो पांढरा भुगा एका छोट्या काचेच्या बाटलीत ओतला, कणन् कण, आणि बूच घट्ट बसवलं.

ती बाटली आता प्रयोगशाळेच्या कपाटात असते. दरवर्षी या पाठाला मुलं दहा तुकडे मीटरच्या शेजारी मांडतात, कमी पडले म्हणून कुरकुर करतात, शोधतात, मोजतात. मग शेवटी कुणीतरी कपाटातून बाटली आणून रिकाम्या जागेपाशी ठेवतं. बायको काहीतरी कुजबुजते, सगळा वर्ग पुढे वाकतो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने सांगतं, "आता झाला मीटर."