आधी पास

साहेब, तुम्ही कोमलला बघितलंच नाहीत. अकोट्याच्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलात, अकादमीसाठी मुली निवडल्यात, पण तिला बघितलं नाहीत.

निवड झाल्यावर तिला शिकवणारा विश्राम तुमच्यापाशी आला, तेव्हा तुम्हीच तुमच्या गुजरातीत म्हणालात, "छोकरी सारी छे, चांगली आहे, पण गोल किती मारले?"

"एकही नाही, साहेब. पण गोलचे पास दिले तिनंच."

"देण्यानं सिलेक्शन थोडं होतं, भाई?"

हा विश्राम जळगावकडचा. रिफायनरीत ठेकेदाराकडे पाइप फिटर. ड्यूटी सुटली की बाजव्याच्या माळावर मुलींना फुटबॉल शिकवतो. गोलचे खांब भंगारातल्या पाइपांचे, त्यानेच जोडलेले. तिथे त्याचा एकच कायदा : एकटीने पळत जाऊन मारलेला गोल धरायचा नाही. आधी पास.

"पाइप एकट्यानं बसतो का गं? एक धरतो, एक आवळतो."

"काका, आम्ही पाइप नाही," त्या मुलींतली भक्ती म्हणायची.

"तू तर गळका नळ आहेस. पळ."

या कायद्यात कोमल वाढली. बॉल पायाशी येण्याआधीच तो कुणाला द्यायचा हे तिला दिसायचं. तिच्या आईने, पद्माने, बजावलं होतं, "अकादमीत घेतलं तर खेळ. नाहीतर यंदापासून बूट बंद. उद्या गुडघा फुटला तर कोण निस्तरणार?"

तुमच्या मैदानावर सगळ्या एकमेकींना अनोळखी. जिला बॉल मिळेल ती जिथून जमेल तिथून मारत होती. कोमल गोलसमोर पोचली. पुढे फक्त गोलकीपर. कुंपणाच्या जाळीबाहेर उभ्या विश्रामच्या ओठांवर 'मार' आलं. आजवर हा शब्द त्याने कुणाला ओरडून सांगितला नव्हता. त्याने तो गिळला. कोमलने डावीकडे बघितलं आणि मोकळ्या मुलीला बॉल दिला. गोल झाला. पुन्हा एकदा तसंच झालं.

ती मुलगी तुम्ही घेतलीत. तिचा काही दोष नाही. खेळ संपल्यावर ती धावत कोमलकडे आली होती. "थँक्यू हं. तारुं नाम शुं?" तुम्ही तिचं नावही विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोमल माळावर चपला घालून आली. बूट भक्तीच्या हातात दिले.

"तुला होतील. लेस नवी आहे."

नेहमी तोंड चालवणारी भक्ती नवी लेस बोटाला गुंडाळत राहिली.

"काका, मी चुकले का?" कोमलने विचारलं.

विश्राम गोलच्या जाळीची गाठ बांधत बसला. बांधलेली गाठ त्याने सोडली, पुन्हा बांधली. रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत जळत होती. माळावर लहान मुली खेळत होत्या. त्यातली इरा, सगळ्यांत बुटकी, बॉल घेऊन एकटीच गोलसमोर पोचली आणि थांबली. तिने मागे वळून बघितलं.

"काका, देऊ की मारू?"

साहेब, पोरगी बॉलवर पाय ठेवून उभी आहे. विश्रामने तिला काय सांगायचं? तुम्ही सांगा.