कानातला घोडा

शनिवारी संध्याकाळी गुढ़ियारीतल्या त्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नसे. बाहेर दुचाक्या एकमेकींना टेकलेल्या, आत सतरंजीवर हमालापासून साहेबापर्यंत सगळे मांडीला मांडी लावून बसलेले, आणि समोर चौरंगावर तुरगानंद महाराज. लोक त्यांना ‘घोडेवाले बाबा’ म्हणत. आपल्या रायपुरात रेसकोर्स नाही. शर्यती व्हायच्या दूरच्या शहरात, पैसे लावले जायचे मोबाइलवर, पण जिंकणारा घोडा म्हणे बाबांना आदल्या दिवशीच दिसायचा.

मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या गळ्यासाठी. कीर्तन म्हटलं की मला गॅसवर ठेवलेलं दूधही आठवत नाही. गळा चांगला होता, हे कबूल करते. टाळ पक्के, पेटीवाला तयार. पण पूर्वरंगात भक्तीचं थोडंसं निरूपण झालं, की उत्तररंगात स्वारी थेट तबेल्यात शिरे.

“सज्जनहो, उद्याच्या तिसऱ्या शर्यतीत सहा अश्व आहेत,” बाबा डोळे मिटून सांगत. “मेघराज पहा. ओल्या मातीत याला कोण अडवेल? चंद्रकोर अंगानं हलकी, शेवटच्या वळणावर वाऱ्याला मागे टाकील. दुर्गविजयला म्हातारा म्हणू नका, तो दम राखून पळतो. आणि सोनपरी लहान आहे खरी, पण तिच्या डोळ्यांत मी तेज पाहिलंय.”

“हव महाराज,” म्हणत गोदाम डोलायचं.

मला तिथेच खटकलं. असं करत करत बाबांनी सहाच्या सहा घोड्यांचं कौतुक केलं होतं. उद्या कोणताही जिंकला, तरी लोकांना आठवणार की बाबा बोललेच होते.

प्रवचनानंतर रांग लागायची. बाबा प्रत्येकाच्या तळहातावर भिजवलेले चणे ठेवत आणि कानाशी वाकून एका घोड्याचं नाव सांगत. वर ताकीद असे: “नाव बाहेर गेलं की घोड्याचा दम गेला. नवऱ्यानं बायकोलासुद्धा सांगायचं नाही.” पुढच्या शनिवारी जिंकलेले भक्त हार घालून माइकवर आपला अनुभव सांगत. हरलेले मागच्या रांगेत गुपचूप बसत, नाहीतर येतच नसत. त्यांच्याविषयी बाबा एवढंच म्हणत, “कुणीतरी जीभ सैल सोडली असेल.”

माझ्या भाचीचा, पद्मिनीचा नवरा चारुदत्त नवा रायपूरच्या एका कार्यालयात कॉम्प्युटरचं काम पाहतो. हिशेबी माणूस. तो लागोपाठ दोन शर्यती जिंकला आणि बाबांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं. “हा सिद्ध कान आहे,” म्हणाले. अशा सिद्ध कानाच्या चार-पाच भक्तांसाठी आता एक मोठी शर्यत होती. तिच्यात मोबाइल चालणार नव्हता. घरातलं सोनं बाबांच्या थाळीत अर्पण करायचं, त्यांचा आश्रम ते शर्यतीवर लावणार आणि दुप्पट करून देणार.

शुक्रवारी पद्मिनी ब्राह्मणपाऱ्यात माझ्याकडे आली ती डोळे सुजवून.

“मावशी, आईच्या पाटल्या मागून राहिलेत हे.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणू? दोनदा जिंकले ना. मी अडवलं आणि उद्या काही बिनसलं, तर माझीच जीभ सैल होती म्हणतील.”

त्या पाटल्या माझ्या बहिणीच्या. शेवटच्या आजारात तिचे हात सुजले तेव्हा साबण लावून मीच त्या उतरवल्या होत्या. बहिणीचं म्हणावं असं पद्मिनीपाशी तेवढंच उरलंय.

चारुदत्तला मी फोन केला. तो हसला. “मावशी, तुम्ही एवढ्या भाविक, आणि शंका घेता?”

“देवावर नाही घेत रे. घोड्यावर घेतेय.”

“दोनदा, लागोपाठ. हे सांगा ना, कसं झालं?”

मी फोन ठेवला. तशीच उठले आणि चेतनाकडे गेले. चेतना गुढ़ियारीतच राहते, शाळेत गणित शिकवते. तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे बुद्धजयंतीला जी गाणी होतात, ती ऐकायला मी न चुकता जाते. ती मात्र माझ्या कीर्तनाला कधी येत नाही, येईन म्हणते फक्त.

सगळं ऐकून तिनं एकच विचारलं. “काकू, बाबानं बाकीच्यांले कोणता घोडा सांगतला?”

“ते कोण सांगणार? शपथ आहे ना.”

“उद्याचा नोका विचारू. मागच्या हप्त्याचा विचारा. तो घोडा पळून मोकळा झाला. त्याचा दम आता काहून जाते?”

 इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. कानात मिळालेलं नाव कानातच ठेवायचं, हे आम्हा गुरू मानणाऱ्यांच्या हाडीमासी भिनलेलं. शर्यत संपली तरी हरलेल्यांची तोंडं बंदच राहिली होती.

परतताना वाटेत शांताबाई भेटल्या. गोदामात त्या माझ्याच शेजारी बसतात. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

“मले मेघराज सांगतला होता बाई. सगळ्यात मागून आला. माहंच काही चुकलं असन.”

चारुदत्तला मिळालेली सोनपरी जिंकली होती, ते त्यानं जिंकल्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. शर्यत एक, बाबा एक आणि घोडे दोन.

चेतनाला फोन करून सांगितलं तर म्हणाली, “बाकीचे चार बी निघतीन. पण सगळ्यांसमोर निघाले पायजेत. नाही तर तुमचे जावई ऐकत नाहीत.”

शनिवारी चेतनाला घेऊन गेले. चारुदत्त पुढे बसला होता आणि लाल फडक्यातलं गाठोडं बाबांच्या थाळीत जाऊन पडलेलं होतं. पद्मिनी माझ्या बाजूला, मोकळ्या मनगटांवरून पदर ओढून बसली होती.

प्रवचन संपताच मी उभी राहिले. “महाराज, आजचा जयकार मला देऊ द्या.”

“अवश्य, माई,” बाबा खूश झाले.

आम्हा कीर्तनात वाढलेल्यांची एक खोड आहे. समोरच्यानं हात उंचावून ‘बोला’ म्हटलं की विचार करण्याआधी गळा उघडतो. मी देवाचे दोन जयकार दिले, गोदाम दणाणलं. मग तिसरा, त्याच सुरात, श्वासही न घेता:

“मागच्या शर्यतीचा, कानामधला घोडा, बोला…”

आणि सगळे बोलले.

मेघराज, सोनपरी, चंद्रकोर, दुर्गविजय, पुन्हा मेघराज, मागून कुणी राजतिलक, कुणी नीलकांत. देवाच्या नावाला एक होणारे तेच गळे भाजीबाजारासारखे फुटले.  लोक एकमेकांकडे पाहू लागले.

“तुले बी दुर्गविजय?” मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

“प्रत्येकाला त्याच्या प्रारब्धाप्रमाणे अश्व मिळतो,” बाबांनी आवाज चढवला.

“मंग माह्या प्रारब्धात दर वेळी शेवटचाच काहून, महाराज?” शांताबाई म्हणाल्या. लोक हसले, आणि त्या हसण्यानंच अर्धं काम केलं.

चारुदत्त मात्र हसला नाही. “पण मी दोनदा जिंकलोय,” तो चेतनाकडे वळून म्हणाला. आवाजात चीड होती आणि थोडी विनवणीही.

“हव भैया, जिंकलात,” चेतना म्हणाली. “घोडे सहा. गर्दीत सहाही नावं वाटून टाकली, तर कोणी ना कोणी जिंकतेच. जिंकलेल्यांत पुढच्या वेळी पुन्हा सहा नावं वाटली. त्यातलाही एखादा जिंकतेच. या खेपेले तो एखादा तुम्ही निघाले. तुम्ही नसते, तर त्या जागी दुसरं कोणी हार घालून बसलं असतं अन् त्याच्या घरचं सोनं थाळीत असतं. बाबाले घोडा दिसत नाही. जिंकलेला माणूस आपल्या पायानं पुढे येऊन बसते, तेवढा दिसते.”

 चारुदत्तनं थाळीकडे हात नेला. बाबांच्या शिष्यानं थाळी मागे ओढली. “अर्पण केलेलं परत घेत नाहीत.”

पद्मिनी उठली. इतक्या लोकांतून वाट काढत चौरंगापर्यंत गेली. “माझ्या आईच्या आहेत त्या. मी अर्पण केल्या नव्हत्या.”

शिष्यानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी गर्दीकडे. मागची रांग उठून पुढे सरकत होती. थाळी पुन्हा पुढे आली. चारुदत्तनं गाठ सोडली आणि तिथेच बायकोच्या हातात पाटल्या चढवू लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. पद्मिनीनं हात तसाच धरून ठेवला. तोवर बाकीच्यांचे हातही आपापलं सोनं उचलायला थाळीत पडले आणि पेटीवाल्यानं पेटी मिटली.

मी अजूनही कीर्तनाला जाते, जात राहीन. गुरुमंत्र कानात देतात, हेही मला मान्य आहे. पण त्यावर सोनं लावायला कुठला गुरू सांगत नाही. श्रद्धा ठेवायला माझी ना नाही. फक्त डोकं पादत्राणांसोबत बाहेर काढून ठेवू नका. कुणी हार घालून चमत्कार सांगायला उभा राहिला, तर त्याचं बोलणं जरूर ऐका. मग उठा, मागच्या रांगेत जाऊन बसा आणि तिथल्या माणसांना विचारा, तुमचं काय झालं?