माणसासाठीचा ब्रेक

धाकटीने बटण दाबलं आणि खोलीत ट्रक शिरला. मागून आला, उजव्या खांद्याला घासून पुढे गेला आणि समोरच्या भिंतीत विरघळला. खुर्चीवर बसलेल्या बाबांचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला गेला.

"दुसऱ्या गिअरवर चाललाय गधडा," बाबा म्हणाले. "तिसरा टाकायला हात जड झालाय त्याचा."

पायाखाली काहीच नव्हतं. पण ज्याने एकतीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, शिकवणाऱ्यासाठी असलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून काढली, त्याचा पाय खाली काय आहे ते बघत बसत नाही. बाबांचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती. पायाला ते कोणी कळवलेलं नव्हतं.

खोली कापडाने मढवलेली होती. आठ दिशांना आठ स्पीकर होते आणि मधोमध वीतभर उंचीचा लाकडी फूटपाथ. नजर गेलेल्यांना नव्याने वावरायला शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी धाकटी इथे शहर बांधत होती. म्हणजे शहराचा आवाज. दोन हजार एकशे सहा ध्वनिमुद्रणं संगणकात भरलेली होती. त्यातून तो दर वेळी मनाला येईल तसा रस्ता जुळवायचा. कुठून स्कूटर, कुठे दुकानाचं शटर, कुठे भांडणारं जोडपं. एकच रस्ता दोनदा लागत नसे. शिकणाऱ्याने फूटपाथच्या कडेला उभं राहायचं, कान द्यायचा आणि रस्ता मिळाला असं वाटलं की खाली उतरून सहा पावलं चालायचं. अंगाला लागण्यासारखं काही नाही. कल्पना नामी होती. अडचण एवढीच, की तीन आठवड्यांत एकही माणूस त्या फूटपाथवरून खाली उतरला नव्हता.

संस्थेच्या बाई म्हणाल्या, घाबरतात. धाकटी म्हणाली, आवाज मोठा असेल. तिने आवाज कमी केला. माणसं तशीच उभी. तिने गाड्या कमी केल्या. माणसं आणखी सावध झाली. शेवटी तिने घरचाच माणूस आणला, कारण घरच्या माणसाला निदान खरं बोलायची लाज नसते.

बाबांना आणणं सोपं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी एका मोटारसायकलचं हँडल त्यांच्या कोपराला लागून गेलं होतं. लागलं फार नाही. पण मोटारसायकलवाला थांबलासुद्धा नाही, आणि त्या दिवसापासून बाबांनी रस्त्यावर पाय ठेवला नव्हता. संस्थेने दिलेली घडीची पांढरी काठी प्लास्टिकच्या वेष्टनासकट खुंटीवर लटकत होती. इथे यायला ते तयार झाले ते एका अटीवर: गाडी दाराशी लागेल आणि दाराशीच सोडेल. "खोलीतून खोलीत," ते म्हणाले होते. "मधलं काही मला दाखवायचं नाही." आणि स्वतःच हसले होते.

"काय हो कानसेन," आता त्यांनी आवाज दिला, "हा ट्रक तुम्हीच पकडलात ना?"

कानसेन म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा. गळा नव्हता म्हणून तानसेन होता आलं नाही, ही त्याची स्वतःचीच चेष्टा होती आणि तेच नाव त्याला चिकटलं होतं. अठरा वर्षांपूर्वी तो बाबांकडे गाडी शिकला होता आणि परीक्षेत दोनदा आपटला होता. इतकी वर्षं गेली तरी बाबांसमोर तो पाय जुळवून उभा राहायचा.

"हो सर."

"पाय अजून क्लचवरच असतो का?"

"सर, मी आता बसने जातो."

"शहाणे झालात."

धाकटीने पुन्हा बटण दाबलं. दाबलं की ते बोलायचं, कारण वापरणाऱ्यांना वाचता येणार नव्हतं. "यादृच्छिक," बटणातली बाई घशातून म्हणाली.

"हा शब्द संपेपर्यंत गाडी अंगावरून जाईल," बाबा म्हणाले. "बदल तो."

"मग काय ठेवू?"

"सहज ठेव."

"सहज?"

"कुठे निघालात असं विचारलं की माणूस म्हणतो ना, सहज. म्हणजे कारण आहे, पण तुला सांगणार नाही."

धाकटी हसली नाही. ती ताईच्या फोनचा विचार करत होती. ताई दूरच्या गावी राहायची आणि अशा माणसांप्रमाणे तिला इथलं सगळं स्वच्छ दिसायचं. "तुझं ते खोलीतलं शहर ठेव खोलीत," ती काल म्हणाली होती. "महिनाअखेर मी येते आणि बाबांना घेऊन जाते. माझ्याकडे अंगण आहे. फिरतील गोल गोल."

"घाण्याचा बैल आहेत का ते?"

"चौदा महिने घरात कोंडून घेतलेल्या माणसाला काय म्हणतात मग? तूच सांग."

ताईकडे जायला बाबांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. फक्त पलंगाखालची प्रवासाची जुनी पेटी पुढे ओढून ठेवली होती. धाकटीने ती आत सरकवली की दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. तिची रोज त्या पेटीला ठेच लागायची आणि दोघंही त्यावर बोलत नसत.

"बाबा, उभे राहता का?"

ते तिच्या खांद्याला धरून फूटपाथवर चढले आणि बुटाचं टोक बरोबर कडेला आणून थांबले. धाकटी मागे सरली. तिच्या उजव्या सँडलचं बक्कल खुळखुळलं.

"ते मोचीकडे ने म्हटलं होतं ना? घुंगरू बांधल्यासारखी चालतेस."

"नेते. ऐका आता."

गाड्या आल्या, गेल्या. एक सायकल किणकिणली. डावीकडे कोणीतरी काचा पुसत होतं. मग रस्ता रिकामा झाला, चांगला नऊ सेकंद. बाबा हलले नाहीत. पुन्हा गाड्या, पुन्हा रिकामा. अकरा मिनिटं झाली.

"बाबा, आत्ता रिकामा होता."

"होता."

"मग?"

"आता रिकामा आहे, पुढच्या पावलाला असेल याची हमी कोण देणार?" बाबांनी मान आवाजाकडे वळवली. "इतक्या गाड्या आल्या. एकानेसुद्धा माझ्यासाठी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही. तुझ्या शहरात कोणी कोणासाठी थांबत नाही, धाकटे. अशा गावात शहाणा माणूस फूटपाथवरच उभा राहतो."

कानसेनने मान खाली घातली. बाबांना ते दिसायचं कारण नव्हतं, पण त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर त्याच्याकडेच गेला.

"तुम्ही उभे कुठे होतात हो? पकडताना?"

"फूटपाथवर, सर. खांबाला टेकून. चार महिने."

"रस्त्यात उतरलात कधी?"

"मायक्रोफोन घेऊन? नाही सर. आपल्याच पावलांचा आवाज मध्ये येतो."

"झालं तर. जो उतरलाच नाही, त्याच्यासाठी कोण थांबणार?"

धाकटीने घाईघाईने ब्रेकचे आवाज शोधले. होते, चाळीसेक होते. तिने एक लावला.

"हा सिग्नलचा ब्रेक आहे," बाबा म्हणाले. "लांबून माहीत असतं थांबायचंय, एका दमात दाबतो. माणसासाठीचा ब्रेक वेगळा. आधी पाय उचलतो, इंजिन खाली बसतं. मग एक श्वासभर काहीच नाही. तेवढ्यात तो बघतो, समोरचा आपल्याला बघतोय का. बघत नसेल तर मग दाबतो. दोन टप्पे. एकतीस वर्षं हेच तर शिकवलं लोकांना. निम्म्यांना कळलं, निम्मे कानसेन झाले."

दुसऱ्या दिवशी कानसेन छातीला मायक्रोफोन बांधून चार वेळा रस्ता ओलांडून आला. मिळकत: चार हॉर्न आणि त्याच्या वडिलांचा एक उल्लेख. एकही ब्रेक नाही. डोळस माणसासाठी गाड्या थांबत नाहीत, वळसा घालतात.

"मी बघते काय करायचं ते," धाकटी म्हणाली.

शुक्रवारी तिच्याकडे अकरा नवे आवाज होते. बाबांना खुर्चीत बसवून तिने पहिला लावला. उजवीकडून गाडी आली. इंजिन खाली बसलं. श्वासभर शांतता. मग रबराचा तो दबका, आज्ञाधारक आवाज. पुढे काठीची टकटक, पावलं, आणि रस्त्यापलीकडे पोचल्यावर कोणीतरी सोडलेला सुस्कारा.

या वेळी बाबांचा पाय फरशीवर दाबला गेला नव्हता. धाकटीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"परत लाव," बाबा म्हणाले.

तिने लावला.

"परत."

तिसऱ्या वेळी ते पुढे वाकले. "काठी कोण आपटतंय?"

"संस्थेतला एक माणूस."

"संस्थेतला माणूस काठी डावी-उजवी फिरवतो. खिळा ठोकल्यासारखी आपटत नाही." त्यांनी धाकटीच्या दिशेने मान वळवली. "आणि त्याच्याही उजव्या सँडलचं बक्कल सैल आहे?"

कानसेनने एक वायर गुंडाळायला घेतली. ती आधीच गुंडाळलेली होती. धाकटीने पाय खुर्चीखाली ओढून घेतला, आणि तो ओढतानाही खुळखुळला.

"डोळे उघडे होते?"

खोटं बोलता आलं असतं. पण ज्याला दिसत नाही त्याच्याशी खोटं बोलणं तिला घरातही कधी जमलं नव्हतं.

"मिटलेले. उघडे असले की चाल बदलते. गाडीवाल्यांना कळतं."

"किती वेळा?"

"अकरा."

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"एकतीस वर्षांत," ते म्हणाले, "शेजारी कोणी नसताना मी एकाही नवख्याला रस्त्यावर सोडलं नाही. एकालाही नाही. घरी सोड मला."

घरी आल्यावर बाबा जेवले आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आतून पेटीची कडी वाजली. धाकटीने ताईला फोन लावला, एक घंटा वाजली तेवढ्यात बंद केला. मग दोन मिनिटांनी ताईचाच आला. तो तिने घेतला नाही.

सकाळी ती निघायला म्हणून दाराशी वाकून सँडल घालत होती, तर समोर बाबांचे बूट दिसले. बुटांत पाय होते. खुंटीवर नुसतं प्लास्टिकचं वेष्टन लोंबत होतं.

"कुठे निघालात?"

"सहज," बाबा म्हणाले.

ती सरळ उभी राहिली.

"ती पेटी आत सरकव आधी. रात्रीत दोनदा अडखळलो. आणि तुझं ते आवाज पकडायचं मशीन घे."

जिना ते कठड्याला धरून उतरले. फाटकापाशी थांबले, एकदा नाकाने खोल श्वास घेतला, जणू शिळं-ताजं बघत होते. मग तिचं कोपर धरून कोपऱ्यापर्यंत चालले. तिथे सिग्नल नव्हता. गाड्या होत्या, खऱ्या, आणि त्यांना कोणी कमी-जास्त करू शकत नव्हतं.

"मशीन चालू केलंस?"

"हो. बाबा, मी येते तुमच्याबरोबर."

"तू इथे कडेला उभी राहा. डोळे उघडे ठेव." त्यांनी काठीची घडी उलगडली. ती खटाखट जुळत गेली. "आणि ही बघ, अशी. डावीकडे, उजवीकडे. जमिनीवरून हात फिरवल्यासारखी. ठोकायची नाही."

त्यांनी तिचं कोपर सोडलं.

एक गाडी गेली. दुसरी गेली. तिसरी उजवीकडून येत होती, निळी, वेगात. बाबांनी काठी पुढे केली आणि बुटाचं टोक कडेच्या बाहेर काढलं. धाकटीला गाडीच्या काचेमागे चालवणारी बाई दिसली. बाईने बाबांकडे बघितलं. बाबा कोणाकडेच बघत नव्हते.

खोलीतला रस्ता सहा पावलांचा होता. हा चौदा निघाला.

मंगळवारी बाबांनी गाडी दाराशी न थांबवता रस्त्यापलीकडच्या फूटपाथपाशी थांबवायला लावली, त्यामुळे यायला उशीर झाला. वर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कानसेन कानांवर हेडफोन चढवून बसला होता. बाबांची चाहूल लागताच तो उठला.

"सर, शनिवारचा आवाज ऐकला. इंजिन बसतं, श्वास, मग ब्रेक. झकास. पण एक खोट आहे. ब्रेकच्या आधी मायक्रोफोनजवळ धप्पकन काहीतरी वाजतं. फूटपाथवर जोरात पाय आपटल्यासारखं. आणि मागून ते बक्कल."

धाकटीने स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं.

"काढून टाकतो," कानसेन म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," बाबा म्हणाले आणि चाचपत खुर्चीत बसले. "तो शेजारी बसणाऱ्याचा ब्रेक आहे."