देवाजींच्या पापणीवरची कणी

मी एक पुटकुळी बोलतेय. मुक्काम देवाजी रामटेके यांची उजवी वरची पापणी, वैशाली नगर, भिलाई. अंगाने तांदळाच्या कणीएवढी, रंगाने पांढरी. दुखत नाही, खाजत नाही, ठणकत नाही. माझ्यात पूसुद्धा नाही. तरी माझ्यापायी एका भल्या माणसाचे डोळे जायची वेळ आली होती, म्हणून हे चार शब्द.

देवाजींनी उभी नोकरी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये क्रेनवर काढली. वर केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या लालभडक लोखंडावर डोळा ठेवायचा. रिटायर झाले, सेक्टर सहामधलं क्वार्टर सुटलं, आणि मग वरच्या पापण्या हळूहळू खाली उतरल्या, दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशा. माणूस टक्क जागा असायचा आणि लोक म्हणायचे, झोपला.

विहारात रविवारची वंदना देवाजीच घेतात. जयंतीच्या कार्यक्रमात ते पुढे बसून भाषण अगदी कान देऊन ऐकत होते. त्यांची नात उन्नती हिने मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, ‘आजोबा तो सो गए.’ भंडाऱ्यापासून गोंदियापर्यंतचे सगळे नातेवाईक हसले. देवाजीही हसले. पण ते त्यांना फार लागलं होतं. थोड्याच दिवसांत ते रायपूरला गेले आणि पापण्यांची जादा कातडी कापून घेऊन आले.

आता म्हाताऱ्या माणसाने दिसण्यासाठी ऑपरेशन केलं, हे वस्तीत सांगणार कसं? देवाजींनी सांगितलं, मोतीबिंदू. मोतीबिंदू हा आमच्याकडे इज्जतीचा आजार आहे. त्याला कोणी हसत नाही, उलट बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला येतात. खरं फक्त बायकोला, पंचफुलाबाईंना माहीत होतं.

टाके निघाले. पुढे काही आठवड्यांनी त्या रेषेवर माझा जन्म झाला. मी म्हणजे दुसरं काही नाही, जुनी कातडी बाहेर पडायची वाट न सापडल्याने आत अडकली आणि तिचा दाणा झाला. शेजारी दोन बहिणी होत्या. डॉक्टरांनी आम्हाला पाहून सांगितलं होतं, “असं होतं कधी कधी. आपोआप जातात. टोचू नका. राहिलेच तर मी काढीन.” मला ते डॉक्टर आवडले.

मग श्यामराव आले. प्लांटमधले जुने सोबती, सेक्टर सहाचे शेजारी, आता मागच्या गल्लीत राहतात. त्यांना खरोखरचा मोतीबिंदू होता, तोही दोन्ही डोळ्यांना, पिकलेला. सून वंदना हिने हातापाया पडून त्यांना ऑपरेशनला तयार केलं होतं. ते काठी टेकत आले, चाचपत खुर्चीवर बसले.

“कसा आहे बे डोया?”

“एकदम बढिया,” देवाजी म्हणाले.

श्यामरावांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि देवाजींच्या पापणीवरून बोट फिरवलं. बोट माझ्यावर येऊन थांबलं. परत फिरलं. परत थांबलं.

“हे काय आहे बे? कनीवानी लागते.”

“काई नाई. जाते आपोआप.”

“मोतीबिंदूच्या आपरेशननं असे दाने येतात?”

खरं सांगायची ती वेळ होती. देवाजी म्हणाले, “येतात कोनाकोनाले.”

श्यामरावांनी हात काढून घेतला. चहा प्यायले आणि उठता उठता म्हणाले, “मंग मले नाई करायचं.”

दुसऱ्या दिवशी वंदना आली. तिचे डोळे सुजलेले होते. “काका, आता तुमीच समजावा त्यायले. डॉक्टर म्हंते, अजून थांबले तर नजर हातची जाईन. काल त्यायनं चहा समजून तेल पेल्यात ओतलं, अन् तोंडाले लावलं. मी पायलं म्हनून.”

देवाजी गेले समजवायला. श्यामराव शांतपणे म्हणाले, “पयले तुये दाने जाऊ दे. मंग मी करतो.”

झालं. त्या दिवसापासून मी देवाजींची दुश्मन. रोज आरसा, रोज माझी पाहणी. मी मुद्दाम बसले नव्हते हो. मला निघायचा रस्ता माहीत असता तर मी कधीच गेले असते.

शेवटी त्यांनी पंचफुलाबाईंकडे सुई मागितली. बाईंनी ती गॅसवर तापवली, देवाजींना खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि डोळा मिटायला सांगितलं. सुईचं टोक माझ्यासमोर आलं. आयुष्य किती लहान असतं ते मला तेव्हा कळलं. मुळात मी लहानच आहे, ती गोष्ट वेगळी.

बाईंचा हात थांबला.

“डॉक्टरनं टोचू नोका म्हनून सांगतलं ना?”

“तू काढ.”

“अन् हे काढल्यावर दुसरे आले तर? तवापर्यंत श्यामभाऊ आंधये होतीन. त्यायले खरं काहून नाई सांगत?”

“लोक हासतीन.”

“झोपले म्हनून हासतच होते. आता जागे झाले म्हनून हासतीन,” पंचफुलाबाई म्हणाल्या आणि सुई रिळात खोचून स्वयंपाकघरात गेल्या.

रविवारी विहारात नेहमीप्रमाणे देवाजी पुढे बसले. मागे सारी वस्ती, तिसऱ्या रांगेत वंदनाचा हात धरून आलेले श्यामराव. पंचशील सुरू झालं. देवाजी एक ओळ म्हणत, मागून सगळे म्हणत. चोरीची ओळ गेली, व्यभिचाराची गेली. चौथी आली, खोटं न बोलण्याची. “मुसावादा,” देवाजी म्हणाले आणि पुढचं तोंडातून निघेना. वर्षानुवर्षं पाठ असलेली ओळ. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्यावरून ओघळला. मागून लोकांनीच ओळ पुरी केली. देवाजींनी पाचवी कशीबशी म्हटली आणि सूचनांच्या वेळी उभे राहिले.

“मले मोतीबिंदू नवता,” ते म्हणाले. “मी पापन्या कापून आनल्या. झोपल्यावानी दिसतो म्हनून. हे दाने त्याचे आहेत. मोतीबिंदूचे नाईत.”

मागच्या बाया हसल्या, त्यांचं पाहून पोरं हसली. उन्नती तेवढी मान खाली घालून बसली होती. श्यामराव हसले नाहीत.

“म्हंजे तुये डोये चांगले होते?”

“हाव.”

“चांगल्या डोयाचं आपरेशन करून आला तू. अन् मी तुया भरोशावर आंधया बसून राहिलो.”

श्यामराव उठले आणि वंदनाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. चाळीस वर्षांच्या दोस्तीत विहारातून ते देवाजींना सोबत न घेता घरी गेले ते पहिल्यांदाच. त्या दिवशी माझ्या पापणीखालून पाणी आलं. ऑपरेशनचा परिणाम नव्हता तो.

श्यामरावांचं ऑपरेशन झालं. देवाजींना वंदनाकडून कळलं. जाऊ की नको, जाऊ की नको असं बरेच दिवस चाललं. शेवटी पंचफुलाबाईंनी बिस्किटाचा पुडा हातात ठेवला आणि दार उघडून धरलं.

श्यामराव अंगणात काळा चष्मा लावून बसले होते. चपलेच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं असावं. चष्मा काढला आणि देवाजींकडे पाहतच राहिले.

“काहून बे देवाजी, इतका म्हातारा कधी झाला तू?”

रायपूरपर्यंत जाऊन केलेल्या त्या साऱ्या खटाटोपाला मिळालेली ही पहिली दाद. देवाजी खाली मान घालून म्हणाले, “माफ कर.”

“सरक इकडे. उजेडात ये.” श्यामरावांनी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं. या खेपेला त्यांचं बोट पापणीपर्यंत आलंच नाही. “ते कनी गेली का?”

“दोन गेल्या. एक आहे.”

“कुठी आहे ते सांगू नोको. मले पाहू दे.”

आता माझ्याविषयी थोडं. माझ्या बहिणी एके सकाळी टॉवेलाबरोबर गेल्या. मीही सैल झाले आहे, आज-उद्या जाईन, कोणाला कळणारही नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या पापणीवर आली तर टोचू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ती कशाने आली, ते विचारणाऱ्याला खरं सांगा.

मला आजवर पुष्कळांनी पाहिलं. देवाजींनी वैतागून पाहिलं, पंचफुलाबाईंनी सुई घेऊन पाहिलं, वस्तीने हसून पाहिलं. श्यामरावांनी मात्र डोळे बारीक करून मला शोधलं, आणि मी सापडल्यावर त्यांनी घरातल्या सुनेला हाक मारली.

“वंदना, बाहेर ये वं. मले कनी दिसून राहिली.”