हरळी जिथे रुजली नाही

माणूस चुकतो, यात नवल नाही. परंतु आपली चूक ठाऊक असूनही जो मौन धरतो, त्याच्या मौनाचे ओझे बहुधा दुसऱ्याच एखाद्या निरपराध माणसाला वाहावे लागते. हे मला कोणी शिकवले नाही. माझ्या पात्याने ते अनुभवले आहे.

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. रोह्याच्या एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवले आणि बाभळीच्या मुठीत बसवले. पेणजवळच्या जोहे गावातील पोपटबाबांनी मला बाजारातून घरी नेले. त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता आणि घरामागे भाजीचे चार वाफे होते.

त्या घरी मला जपले ते ठमीबाईने. नदीकाठच्या आदिवासी वाडीवरून ती रोज सकाळी खुरपणीला येई. हाताला फोड येऊ नयेत म्हणून तिने माझ्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. काम आटोपले की ती मला पेंढ्याने पुसून वळचणीला खोवी. सात वर्षांत तिने माझ्या अंगावर गंजाचा एक ठिपका बसू दिला नाही.

पुढे पोपटबाबांचे चिरंजीव नितेश यांनी कारखान्यापुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ करण्याचे ठरवले. मूर्ती पाहायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना बसायला लॉन हवे, असे त्यांचे म्हणणे. पोपटबाबा एवढेच म्हणाले, की तिथे नको, मागच्या अंगाला कर. का नको, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

ठमीबाईने हरळीच्या काड्या लावल्या. कडेने ती दाट पसरली. पण मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढ्या तीन जागा पिवळ्या पडल्या आणि नंतर उघड्याच राहिल्या. नितेश यांनी खताची पिशवी आणली व त्या जागांवर दुप्पट खत घालायला सांगितले. ठमीबाईने तसेच केले. पिशवी रिकामी झाली, जागा होत्या तशाच राहिल्या.

एके सकाळी तिने मला तेथे खोल रोवले. चार बोटांखाली माझे पाते कशावर तरी अडले. वर आले तेव्हा माझ्या टोकाला पांढरी भुकटी लागलेली होती. तिने नितेशना हाक मारली.

"दादा, खाली काय तरी कडक हाय. पानी खाली जातच नाय."

"तुझ्या वाडीत कधी लॉन बघितलंस का गो?" नितेश हसून म्हणाले.

"लॉन नाय बघितला, दादा. गवात बघितलाय."

हे उत्तर त्यांना झोंबले. रिकाम्या पिशवीकडे बोट दाखवून त्यांनी भर आळीत विचारले, की खत जर इथे घातले तर गवत कुठे आहे. वाडीवर नेलेस म्हण की. शेजारची माणसे दारांत येऊन उभी राहिली. पोपटबाबा ओटीवर एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत बसले होते. त्यांचा कुंचला थांबला. त्यांनी ठमीबाईकडे पाहिले, माझ्या पांढऱ्या टोकाकडे पाहिले, आणि कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

ठमीबाईने त्याही दिवशी मला पुसून वळचणीला खोवले. त्यानंतर ती आली नाही.

मित्रांनो, मला वाचा असती तर! दोन वर्षे मी गंजत पडले. कोलाडच्या रोपवाटिकेतून गवताचे तयार गालिचे दोनदा आले आणि दोनदा त्याच तीन जागी वाळले. इकडे पोपटबाबांना डोळ्यांची आखणी जमेनाशी झाली. घरची माणसे ते वयावर ढकलत.

एका वैशाखात ते स्वतः मला घेऊन हिरवळीवर बसले आणि खणू लागले. आधी सोंडेचा तुकडा निघाला, मग सुपासारखा कान, मग मोदक धरलेला हात. नितेश धावत आले.

"हे मी पुरलेत," पोपटबाबा म्हणाले. "पुराच्या साली प्लास्टरच्या अकरा मूर्ती भिजून फुटल्या. उकिरड्यावर टाकवेनात. ठमीची काय चूक नाय."

"मग तेव्हा का नाय बोललात, बाबा?"

"लाज वाटली."

दोघे तडक वाडीवर गेले. परत आल्यावर घरात जे बोलणे झाले, त्यातून मला कळले. चोरीचा बोभाटा झाल्यावर ठमीबाईला जोह्यात कोणी खुरपणी दिली नव्हती. दोन हंगाम ती वीटभट्टीवर राबली होती. तिने सारे ऐकून घेतले होते आणि एवढेच म्हटले होते, की घरी येऊन सांगितलेत ते बरे केलेत. पण चोर म्हटलेत ते भर आळीत, असेही ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. पंचाहत्तरीचे पोपटबाबा भर आळीत उभे राहिले आणि मोठ्याने, नाव घेऊन, खरे ते बोलले. नितेश मान खाली घालून शेजारी उभे होते. दारांतली माणसे एकेक करून आत गेली.

मग ठमीबाईने मला उचलले. माझा गंज पाहून ती मला दगडावर घासू लागली. तिने प्लास्टरचा कण न् कण वेचला, हातभर माती मोकळी केली, तिच्यात शेणखत मिसळले, वीतवीत अंतरावर हरळीच्या काड्या खोवल्या आणि पायाने दाबल्या. उद्यापासून येशील ना, असे नितेशनी विचारले.

"नाय, दादा. गवात येल आता त्याचा तो."

ती मला वळचणीला खोवू लागली, तेव्हा पोपटबाबांनी माझ्या मुठीवर तिची बोटे मिटवली.

आता मी वाडीवर तिच्या भाजीच्या वाफ्यात असते. जोह्यात दोन जागा भरून आल्या, तिसरी अजून विरळच आहे, असे कानी येते. मित्रांनो, आपली अवजारे पुसून ठेवत जा. आणि ज्याचे हात मातीत आहेत असा कोणी खाली काहीतरी आहे म्हणाला, तर हसू नका, वाकून पाहा.

ज्यांनी उशिरा का होईना सत्य उच्चारले, त्यांच्या वृद्ध हातांना पुन्हा डोळे रेखता येवोत. ज्या हातांनी खोटा आळ सोसला, त्यांना त्यांचा मान लाभो. त्या तिसऱ्या जागेवरही कधीतरी हरळी धरो.